मूल गुटगुटीत आहे की वजन हाताबाहेर चाललंय? घरच्या घरी कसं बघायचं आणि मग काय करायचं

पोर जरा अंगानं भरलेलं असलं की आपल्याकडं दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक आजीचं, "बाळसं आहे ते, नजर लावू नका." दुसरं बाकी सगळ्यांचं, "वयात आला की उंची मारेल आणि आपोआप बारीक होईल." आजीचं म्हणणं पहिल्या वर्षापुरतं बऱ्यापैकी खरं आहे, दुधावरच्या बाळाच्या मांडीला वळ्या असतात आणि असूदेत. दुसऱ्या वाक्यावर मात्र विसंबून राहू नका प्लीज. वजनदार मुलं बरेचदा लहानपणीच वयाच्या मानानं उंच दिसतात, वयातही लवकर येतात आणि मग त्यांची उंची थांबतेही लवकर, म्हणजे ज्या उंचीच्या भरवशावर आपण बसलेलो असतो ती आधीच मिळून गेलेली असते.

आकडे सांगते. जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये एक मोठा आढावा आला. त्यात लठ्ठ मुलं मोठेपणी लठ्ठ असण्याची शक्यता इतर मुलांच्या साधारण ५ पट निघाली. लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५५ टक्क्यांच्या आसपास, टीनएजमध्येही लठ्ठच राहतात आणि टीनएजमध्ये लठ्ठ असलेल्यांपैकी ८० टक्के पुढंही तसेच. म्हणजे जितका उशीर तितकं वजन चिकटून बसतं. पण त्याच आढाव्यात अजून एक गोष्ट होती जी कुणी सांगत नाही, आज लठ्ठ असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७० टक्के लोक लहानपणी लठ्ठ नव्हतेच. तेव्हा ज्यांचं मूल काडीपैलवान आहे त्यांनीही पुढं वाचा, उलट त्यांनी जास्त नीट वाचा.

कारण आपल्या मुलांची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती शोधली गेली ती आपल्याच पुण्यात. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदम्पटनची ३.५ किलोची. दिसायला आपली बाळं बारकुडी, स्नायू कमी, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबीची चिमूट बघितली तर ती त्या मानानं अजिबात कमी नाही! वरून बारीक, आतून चरबी. याज्ञिकांचा स्वतःचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण ब्रिटिश गृहस्थांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के.

त्याच वर्षी दिल्लीच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. जन्मापासून वजन-उंची नोंदवलेली मुलं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर परत तपासली. ज्यांना शुगर निघाली किंवा शुगरच्या उंबरठ्यावर होते ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर त्यांचा बीएमआय भराभर वर चढत गेला होता. आणि बाराव्या वर्षी त्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं. एकही! म्हणजे वर्गाच्या फोटोत ती कुणाला जाड म्हणून दिसलीच नसती.

म्हणून आजचं वजन किती हा प्रश्न अर्धाच आहे. वाढीच्या चार्टवर मुलाची रेघ कुठल्या दिशेला चाललीय ते बघायचं. ते कसं, तेच खाली.

मोजायचं कसं

उंची आधी, कारण उंचीतच गडबड होते. भिंत अशी निवडा जिला खाली स्कर्टिंग नाही, नाहीतर टाचा पुढं येतात. बूट-मोजे काढा, मुलीची वेणी किंवा पोनी सोडा. टाचा, ढुंगण, पाठ आणि जमलं तर डोक्याची मागची बाजू भिंतीला, नजर सरळ समोर, हनुवटी वर केलेली चालणार नाही (पोरं हमखास करतात, उंच दिसायला). डोक्यावर पुठ्ठ्याच्या जाड बांधणीचं पुस्तक काटकोनात ठेवा, एक कड भिंतीला टेकलेली, खाली पेन्सिलनं खूण, मग टेपनं मोजा. दोनदा मोजा. नेहमी सकाळीच, संध्याकाळपर्यंत उंची एखादा सेंटीमीटर कमी भरते. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजावं लागतं, ते अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडंच करून घ्या.

वजन सकाळी, शी-शू झाल्यावर, कमीत कमी कपड्यात. काटा फरशीवर, सतरंजीवर किंवा गादीवर नाही. दर वेळी तोच काटा.

किती वेळा? तीन महिन्यांतून एकदा पुष्कळ झालं. दर रविवारी काट्यावर उभं करणारे पालक मला माहीत आहेत, त्यातून मुलाच्या डोक्यात फक्त एवढंच बसतं की घरात आपलं वजन हा विषय आहे. आकडा मोठ्यानं वाचू नका, भावंडासमोर तर नाहीच, गुपचूप वहीत लिहा.

मग बीएमआय. किलोला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. ९ वर्षांचा मुलगा, १३२ सेंमी, ३६ किलो. ३६ भागिले १.३२, परत भागिले १.३२, आले २०.७. आता इथंच लोक चुकतात, नेटवर मोठ्या माणसांचा तक्ता बघतात, त्यात २०.७ म्हणजे एकदम मस्त नॉर्मल. मुलांना तो तक्ता लागत नाही! मुलांचा बीएमआय वयाप्रमाणं आणि मुलगा-मुलगीप्रमाणं चार्टवर टाकावा लागतो आणि ९ वर्षांच्या मुलाला २०.७ हे स्पष्टपणे जास्त आहे.

चार्ट कुठला? पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा (डब्ल्यूएचओ), तोच अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डातल्या रेघांचाही आधार आहे. (त्या कार्डात वयानुसार वजन असतं, त्यावरून मूल कमी वजनाचं आहे का हे छान कळतं, जास्त आहे का हे तितकं कळत नाही, त्यासाठी उंचीशी ताडूनच बघावं लागतं.) ५ ते १८ साठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा चार्ट, मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा, आपल्या देशातल्या मुलांवरून केलेला. बालरोगतज्ज्ञांकडं असतोच, मागून घ्या. त्यात वरच्या बाजूला दोन खास रेघा आहेत, २३ ची आणि २७ ची. म्हणजे ही रेघ तशीच पुढं नेली तर अठराव्या वर्षी मोठ्यांच्या २३ किंवा २७ बीएमआयला जाऊन मिळते. २३ च्या वर जास्त वजन, २७ च्या वर लठ्ठ. मोठ्यांसाठी जगभर २५ आणि ३० चालतं, मग आपल्याला कमी का, तर वर सांगितलं तेच, कमी वजनालाच आपल्या अंगात चरबी जास्त आणि शुगर-बीपी लवकर.

चार्ट वाचताना एक ठिपका बघून काही ठरवू नका, तीन-चार ठिपके होऊदेत. मूल सुरुवातीपासून ज्या रेघेच्या आसपास आहे तिथंच राहिलं तर ठीक, मग ते थोडं भरलेलं का असेना. पण मधल्या रेघेवरचं मूल वर्षा-दीड वर्षात एकेक रेघ ओलांडत वर निघालंय, अजून २३ च्या खालीच आहे तरीही, तर कामाला लागायची वेळ तीच. सहा ते दहा वयात मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतं आणि २-३ किलो. वर्षात ६ किलो वाढले आणि उंची तेवढीच, तर चार्ट नसला तरी कळतंय की.

सहा वर्षांच्या पुढं अजून एक सोपी टेस्ट, कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप, पोट आत न ओढता. कंबर उंचीच्या अर्ध्यापेक्षा जास्त भरली तर पोटावर चरबी साठतेय. सडपातळ हातापायांच्या आणि सुटलेल्या पोटाच्या मुलांसाठी ही टेस्ट बीएमआयपेक्षाही कामाची आहे, आणि अशी मुलं आपल्याकडं ढिगानं आहेत.

दोन ते सहा, हे वय सोडू नका

हे जरा सविस्तर सांगते कारण सगळा घोटाळा इथं होतो. वर्षाच्या बाळाचा बीएमआय १७ च्या आसपास असतो. नंतर मूल चालायला-पळायला लागतं, उंच होतं आणि बीएमआय उतरत उतरत पाचव्या-सहाव्या वर्षी १५ च्या आसपास येतो, मग परत चढायला लागतो. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल बरगड्या दिसणारं, वाळल्यासारखं असणं हे अगदी ठरल्याप्रमाणं चाललंय! ही उतरती रेघ पाचच्या आधीच वळून वर जायला लागली तर मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोका वाढतो हे १९८४ पासून माहीत आहे. जर्मनीतल्या लाइप्झिगच्या २०१८ च्या अभ्यासात टीनएजमधल्या लठ्ठ मुलांचं वजन सगळ्यात भराभर वाढलेलं दिसलं ते दोन ते सहा याच वयात, आणि तिसऱ्या वर्षी लठ्ठ असलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलं टीनएजमध्ये जास्त वजनाची किंवा लठ्ठच होती.

आणि आपण नेमकं याच वयात काय करतो? "खातच नाही हो, अंगी लागत नाही काही" म्हणत डॉक्टरांकडं भूक वाढवायचं औषध मागतो, दुधात चॉकलेटी पावडर घालतो, मोबाइल समोर धरून तोंड उघडलं की घास कोंबतो. एक घास काऊचा, एक घास चिऊचा इथपर्यंत ठीक होतं, त्यात आई मुलाकडं बघत तरी होती. व्हिडिओ बघत गिळणाऱ्या पोराला पोट भरलं हे कळतच नाही.

मुलाचं वजन-उंची दोन्ही आपापल्या रेघेवर चाललेत आणि पोर दिवसभर उड्या मारतंय, तर ते व्यवस्थित खातंय, विषय संपला. खरंच रेघ खाली घसरत असेल किंवा कार्डातल्या कमी वजनाच्या पट्ट्यात असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथं डॉक्टर सांगतील तसं खायला वाढवायचंच. लठ्ठपणाच्या भीतीनं कुपोषित मुलाचं तूप बंद करू नका.

खाण्याचं काय करायचं

पहिला नियम, काय आणि कधी हे आपण ठरवायचं, किती हे मुलानं. ताट चाटूनपुसून रिकामं झालंच पाहिजे हा आग्रह सोडा, अर्धी पोळी उरली तर उरूदे. मात्र मग तासाभरानं "भूक लागली" म्हटल्यावर बिस्किटं नाहीत, पुढच्या खाण्याच्या वेळेला जेवणच.

दुसरं, गोड पिणं. घरातून एकच गोष्ट काढायची असेल तर ही काढा. कोल्डड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण ११ ग्रॅम साखर असते, २०० मिलीची छोटी बाटली म्हणजे साडेचार चमचे. टेट्रापॅकमधलं आंब्याचं पेय "फळाचं आहे" म्हणून आपण कौतुकानं देतो, मागचं लेबल वाचा एकदा, साखर कोल्डड्रिंकच्या जवळपासच निघते. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असं अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणते, दोनच्या आत शून्य. दुधातल्या पावडरींचंही तेच, एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन कंपन्यांना असली पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितली, त्यावरून काय ते समजा. साधं दूध पीत नसेल तर नसूदे, दही-ताक-पनीर द्या. आणि दूध पीत असेल तर दिवसाला दोन कप बास, तीन-तीन बाटल्या पिऊन जेवणाला "नको" म्हणणारी मुलं दुधानंच भरलेली असतात. वर्षानंतर बाटली बंद.

तिसरं, चार वाजताचं खाणं. शाळेतून आल्यावरचा तो एक तास म्हणजे रणांगण असतं. पोर भुकेजलेलं, आपण ऑफिसात किंवा कामात, आजोबांच्या हाताशी फरसाणाचा डबा. इथं उपदेश चालत नाही, तयारी चालते. सकाळीच मटकी किंवा हरभरे उकडून ठेवा, आल्यावर कांदा-लिंबू मारून वाटीभर. उकडलेलं अंडं. मुगाचं धिरडं, पीठ फ्रिजमध्ये असलं की पाच मिनिटं लागतात. थालीपीठ आणि दही. पेरू, केळं, संत्रं जे स्वस्त असेल ते, पण फळ चावून खायचं, ज्यूस नाही. आणि फरसाण, वेफर्स, क्रीमची बिस्किटं घरात आणायचीच नाहीत. आणून कपाटात वर ठेवली आणि मुलाला "खाऊ नको" सांगितलं तर ते स्टूल घेऊन चढणार.

जेवणात पोळी-भात-बटाट्याची भाजी हे त्रिकूट फोडा. भात काढू नका, त्याच्याबरोबर वरण घट्ट करा, उसळ वाढा, कोशिंबीर आधी वाढा. भुकेच्या पहिल्या पाच मिनिटांत पोरं काकडी-गाजर खाऊन टाकतात, शेवटी वाढलं तर ढुंकूनही बघत नाहीत. साबुदाण्याची खिचडी "उपासाची हलकी" समजून आठवड्यातून दोनदा देणाऱ्यांनी लक्षात घ्या की तो नुसता पिष्टमय पदार्थ आहे वर दाण्याचं कूट आणि तूप, चवीला माझीही जीव की प्राण, पण महिन्यातनं एखादवेळी. वडापाव, पाणीपुरी बंद करा असं मी म्हणणार नाही. ठरवून, बाहेर जाऊन, मजेत खा, घरी पार्सल आणून टीव्हीसमोर नको.

शाळेच्या कॅन्टीनसाठी आपल्या बाजूनं कायदा आहे हे फार जणांना माहीत नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणं शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. पालक सभेत फक्त युनिफॉर्मवर भांडण्यापेक्षा हे काढा.

आणि डाएट? मुलांना डाएट नसतं. वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. वरचाच मुलगा घ्या, १३२ सेंमी ३६ किलो, बीएमआय २०.७. वर्षभर वजन तिथंच धरलं आणि उंची १३८ झाली की बीएमआय १८.९. अजून वर्षानं १४३ सेंमी ३७ किलो, १८.१. एक किलोही न उतरवता. पण हे जमतं उंची वाढतेय तोवर, म्हणून घाई करायची ती आता, दहावीनंतर नाही. केटो, उपास, रात्रीचं जेवण बंद, असले प्रकार मुलांवर करू नका, उंचीच मार खाते आणि मुलं चोरून खायला शिकतात.

खेळ, झोप, स्क्रीन

खेळ दिवसाला एक तास तरी, धाप लागेल असा. क्लासच्या फिया भरायची गरज नाही, सोसायटीत पकडापकडी, सायकल, लंगडी, काहीही. फक्त व्यायामानं वजन आटोक्यात येईल या भ्रमात राहू नका, तासाभराच्या क्रिकेटनंतर कोल्डड्रिंक आणि समोसा झाला की हिशोब मायनसमध्ये. झोपेकडं कुणाचंच लक्ष नसतं. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते, टीनएजला ८ ते १०. रात्री साडेअकराला झोपून सकाळी सहाच्या स्कूलबससाठी उठणाऱ्या पोराला दिवसभर गोड आणि तळकट खावंसं वाटणारच, भुकेचे हार्मोन्स झोपेवर चालतात. जेवताना आणि झोपायच्या खोलीत स्क्रीन नको, हे दोन जरी पाळले तरी बरंच काम होतं. मोठ्यांनीही पाळायचं, नाहीतर ऐकणार कोण.

जाड्या, भोपळ्या, गोलू, लाडानं सुद्धा नको. चिडवलेल्या मुलाचं वजन कमी होत नाही, वाढतंच. लग्नकार्यात एखादी मावशी सगळ्यांदेखत म्हणतेच, "काय रे, किती फुगलायस!" तिथल्या तिथं विषय बदला आणि नंतर मावशीला बाजूला घेऊन सांगा. बदल करायचा तो घरातल्या सगळ्यांच्या ताटात, एका मुलाला भाकरी-उसळ आणि बारीक भावाला चीज सँडविच असं केलंत तर ते त्याला शिक्षाच वाटणार. तसंही आई-बाबांपैकी एक जरी लठ्ठ असेल तर दहाच्या आतल्या मुलाचा मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो, १९९७ च्या एका अमेरिकन अभ्यासात हे नीट दिसलंय, तेव्हा बाबांनीही काट्यावर उभं राहायला हरकत नाही.

डॉक्टरांकडं कधी

२७ च्या रेघेवर गेलं की जायचंच. त्याखाली असलं तरी पुढच्यातलं काही दिसलं तर थांबू नका. मानेच्या मागं, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी, जिला सगळे मळ समजून घासत बसतात. तो मळ नाही, घासून जाणार नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रोज रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं. गुडघा किंवा मांडीचा सांधा दुखून लंगडणं. मुलीची पाळी सुरू होऊन अनियमित राहणं आणि चेहऱ्यावर लव वाढणं. आणि वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबलीय, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा उंच असतात, बुटकं आणि जाड मूल म्हटलं की थायरॉइड किंवा इतर हार्मोन्स तपासावे लागतात. "थायरॉइड असेल" असं प्रत्येक जाड मुलाबद्दल म्हणतात ते मात्र क्वचितच खरं निघतं.

उशीर झालाय असं वाटत असेल तर, लहानपणी जास्त वजनाची असलेली पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली माणसं चार मोठ्या अभ्यासांत मिळून तपासली गेली (२०११), त्यांचा शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच होता. बारा-तेराच्या मुलालाही हे लागू आहे.

डॉक्टरांकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. मोजलेल्या उंची-वजनाची वही, जन्माच्या वेळचं वजन (डिस्चार्ज कार्डवर असतं), बाळाचं लसीकरणाचं कार्ड कारण त्यात जुनी वजनं लिहिलेली असतात, घरात शुगर-बीपी कुणाला आणि कितव्या वर्षी निघाली ते, आणि आठवड्याभराचं खाणं खरंखुरं लिहून, आजोबांनी दिलेल्या चॉकलेटसकट. बीपी मोजायला सांगा, मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यानं, फार मोठा किंवा फार लहान पट्टा लावला तर आकडा चुकीचा येतो. वजनाचं बोलणं चालू असताना मुलाला बाहेर बसवता आलं तर बरं, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची घ्या.